चहा पारखायला शिकताना: सुट्या पानांपासून सुगंधी चहापर्यंत

आपल्या घरांत पत्ती चांगली की वाईट हे कडकपणावर ठरतं. दूध, साखर, आलं पडून, दोन उकळ्या येऊन कप फक्कड जमला की पत्ती चांगली. या कसोटीत खोट काही नाही, पण ती सगळ्या मिश्रणाची कसोटी आहे, पत्तीची नव्हे. दुधातली प्रथिनं पत्तीचा तुरटपणा बांधून ठेवतात, साखर कडवटपणा झाकते आणि आल्या-वेलचीपुढे पानाचा स्वतःचा वास वर येतच नाही. म्हणून भेट मिळालेला दार्जिलिंग नेहमीसारखा दुधात उकळला की ‘याला काही चवच नाही’ असं म्हणून तो डबा मागे सरकवला जातो. चव असते. ती शोधायची रीत वेगळी आहे.

दोन गोष्टी आधीच मनाशी पक्क्या करा. एकटा कप पिऊन चहा पारखता येत नाही. एकाच मापाने केलेले निदान दोन कप शेजारी हवेत, म्हणजे फरक आपोआप बोलायला लागतो. आणि नाकाला काय कळतं, जिभेला काय कळतं हे वेगळं करायला शिकायचं. सुगंधी चहाची तर सगळी पारख इथेच येऊन ठेपते.

काय आणायचं

सुरुवातीला पाच प्रकार पुरतात: लांब पानाचा आसाम, दार्जिलिंग, निलगिरी, एखादा साधा हिरवा चहा आणि घरातली रोजची दाणेदार पत्ती. सुगंधी चहा दुसऱ्या बैठकीला. पन्नास-पन्नास ग्रॅमच्या पुड्या घ्या. मोठा डबा स्वस्त पडतो, पण संपेपर्यंत चहा शिळा होतो.

हे सगळे प्रकार एकाच झाडाच्या पानांचे, कॅमेलिया सायनेन्सिसचे. तोडलेलं पान लगेच वाफेवर किंवा कढईत तापवून त्याचं काळं पडणं थांबवलं की हिरवा चहा होतो. चुरगाळून हवेशी पूर्ण काळं पडू दिलं की काळा, आणि मधेच कुठेतरी थांबवलं की ऊलाँग. दाणेदार पत्ती ही काळ्या चहाचीच, पण यंत्राने दाणा केलेली. हे सीटीसी (क्रश-टेअर-कर्ल) यंत्र १९३० साली आसामातल्या अमगुरी मळ्यावर विल्यम मॅकर्चर यांनी आणलं. दात्यांच्या रुळांमधून पान चिरडून, फाडून, वळवून निघतं, त्यामुळे रंग आणि कडकपणा मिनिटभरात पाण्यात उतरतो. दुधाला असाच चहा पेलतो. लांब पानाचा, म्हणजे ऑर्थोडॉक्स चहा नुसता वळलेला असतो. तो सावकाश उलगडतो आणि वासाचे बारीक पदर त्याच्यातच राहतात.

पुडक्यावर तीन गोष्टी शोधा: मळ्याचं किंवा निदान प्रदेशाचं नाव, कोणत्या हंगामाची तोड, आणि पॅकिंगची तारीख. दार्जिलिंगच्या बाबतीत हंगामाला फार महत्त्व आहे. हिवाळा संपल्यावरचा पहिला फुटवा, म्हणजे फर्स्ट फ्लश, मार्च-एप्रिलचा असतो; फिकट, फुलांच्या वासाचा, जिभेला किंचित झोंबणारा. मे-जूनचा सेकंड फ्लश गडद, गोडसर आणि पिकल्या द्राक्षाच्या वासाचा. या वासामागे तुडतुड्यांचा हात आहे. हे बारीक किडे कोवळ्या पानांतला रस शोषतात, झाड त्याला तोंड देताना सुगंधी द्रव्यं तयार करतं आणि तीच पुढे कपात उतरतात. पावसाळी तोडीचा चहा स्वस्त आणि साधा असतो. नुसतं ‘दार्जिलिंग’ लिहून हंगाम लिहिलेला नसेल, तर नवख्याने ते पुडकं घेऊ नये असं माझं मत आहे. दार्जिलिंग चहाला २००४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, देशातलं ते पहिलंच. त्याचं बोधचिन्ह, दोन पानं आणि एक कळी धरलेली स्त्री, पुडक्यावर आहे का तेही पाहा.

पुडक्यावरच्या एफटीजीएफओपी, बीओपी असल्या प्रतवारीच्या लांबलचक अक्षरांनी दबून जाऊ नका. त्यावरून पान अख्खं आहे की मोडलेलं, त्यात कोवळ्या कळ्या किती, एवढंच कळतं. चवीची हमी त्यात नाही. त्यातला ‘ओ’ म्हणजे ‘ऑरेंज’, पण त्याचा संत्र्याशीही संबंध नाही.

माप आणि पाणी

चहा चाखण्याचं एक आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, आयएसओ ३१०३. दर १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती, वर ताजं उकळतं पाणी, झाकण, ६ मिनिटं. असा चहा पिऊन सुख व्हावं ही अपेक्षाच नाही. दोष उघडे पडावेत म्हणून तो इतका कडक करतात. घरी मापाचा आकडा तोच ठेवा आणि वेळ काळ्या चहाला चार मिनिटं, हिरव्याला दोन ते अडीच. मात्र एका प्रकारचे कप आपसात ताडून बघताना वेळेत अर्ध्या मिनिटाचाही फरक नको.

मापाला चमचा वापरू नका. चमचाभर दाणेदार पत्ती आणि चमचाभर दार्जिलिंग यांच्या वजनात खूप अंतर असतं, कारण लांब पान फुलारलेलं बसतं. दागिन्यांसाठी मिळतो तसला छोटा काटा घ्या. या सगळ्या उद्योगात खर्च करण्यासारखी वस्तू तेवढीच. बाकी दोन सारखे पांढरे कप, झाकायला बश्या, बारीक जाळीची गाळणी आणि मोबाइलमधलं घड्याळ. कप आतून पांढरेच हवेत. स्टीलच्या पेल्यात चहाचा रंग कळत नाही.

पाण्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. बोअरच्या जड पाण्यात चहा काळपट, मंद होतो आणि वर तेलकट दिसणारा तवंग धरतो. तो तेलाचा नसतो, पाण्यातल्या कॅल्शियमचा असतो. उलट क्षार पार काढून टाकलेल्या पाण्यात चहा सपक लागतो. साधं, चवीला गोडं पाणी चांगलं. ते दर वेळी ताजं भरायचं, मघाचंच आधण पुन्हा उकळायचं नाही.

काळ्या चहाला खळखळतं पाणी. हिरव्याला मात्र ८० अंशांच्या वर गेलात तर तो कडू होणारच, आणि मग दोष पत्तीचा की पाण्याचा हे कळायला मार्ग उरत नाही. थर्मामीटर नसेल तर उकळत्या पाण्याच्या तीन भागांत प्यायच्या साध्या पाण्याचा एक भाग मिसळा, पाणी ऐंशीच्या आसपास येतं. फर्स्ट फ्लश दार्जिलिंगला मी ९० अंश ठेवतो. खुद्द दार्जिलिंग गाव दोन हजार मीटरवर आहे, तिथे पाणी ९३ अंशांनाच उकळतं. म्हणजे तो चहा त्याच्या गावी खळखळत्या पाण्यात केला, तरी आपल्याकडच्या उकळीपेक्षा कमी तापलेल्या पाण्यातच होतो.

आधी कोरडी पत्ती

बैठक सकाळी नाश्त्यानंतर तासाभराने किंवा दुपारी चारला ठेवा. उपाशीपोटी नको, मळमळतं. फोडणीचा वास घरात भरलेला असताना नको, देवापुढची उदबत्ती नुकतीच विझली असेल तर थोडं थांबा. पान-सुपारी, दात घासणं, तिखट जेवण यांनंतर जीभ कामाची राहत नाही.

पत्ती पांढऱ्या कागदावर पसरा. तुकडे साधारण एकसारखे आहेत का? लांब पानाच्या चहात खाली भुकटी किती साचली? लालसर काड्या किती? आसामच्या चांगल्या पत्तीत सोनेरी टोकं दिसतात, त्या न उमललेल्या कळ्या असतात. फर्स्ट फ्लश दार्जिलिंग मात्र चक्क हिरवट दिसेल. तो भेसळीचा नव्हे. पान फार सुकवून घेतल्यामुळे ते पुरतं काळं पडलेलं नसतं.

मग चिमूटभर पत्ती मुठीत धरा, मुठीत तोंडाने गरम श्वास सोडा आणि लगेच हुंगा. उबेने वास जागा होतो. कुबट, ओलसर फडक्याचा किंवा पुठ्ठ्याचा वास आला तर पत्तीला दमट हवा लागली आहे. मसाल्याचा वास आला तर दोष साठवणाऱ्याचा.

सुटी पत्ती बाजारातून आणली असेल तर एक तपासणी करून टाका. गाळण-कागदावर थोडी पत्ती पसरून पाणी शिंपडा, थोड्या वेळाने पत्ती झटकून कागद नळाखाली धुवा आणि उजेडात पाहा. कागदावर ठसठशीत डाग उरले तर वरून रंग चढवलेला आहे.

चोथा

पाणी ओता, झाका, वेळ झाली की गाळा. आता घोट घेण्याची घाई नको. गाळणीतला चोथा बशीच्या पालथ्या बाजूवर काढा आणि तो गरम असतानाच नाक अगदी जवळ न्या. मला विचाराल तर सगळ्या बैठकीतला सर्वांत बोलका क्षण हाच. कपात वास पाण्याने पातळ झालेला असतो, चोथ्यात तो दाट असतो.

चांगल्या सेकंड फ्लशचा चोथा नीट बघितलात तर पानं तांब्याच्या रंगाची, काही कडांना हिरवी दिसतील. बोटाने एखादं पान उलगडा: दोन पानं आणि कळी अजून एका देठाला धरून असलेली सापडू शकतात. त्यावरून तोड हाताने आणि नेमकी झाली हे कळतं. पान बोटांत मऊ लागलं पाहिजे. चामट, जाड पानं म्हणजे उशिरा तोडलेली, जून. आसामचा चोथा लखलखीत तांबूस असावा. काळपट, मेलेला रंग असेल तर पान प्रमाणाबाहेर काळं पडू दिलं किंवा भट्टीत जास्त तापलं, आणि मग कपातही करपट चव येणार. दाणेदार पत्तीच्या चोथ्यात पान दिसत नाही, तिथे फक्त रंगाचा एकसारखेपणा आणि उजळपणा पाहायचा.

आता कपातला कोरा चहा. तो निवळ हवा, आणि कडेला जिथे चहा कपाला टेकतो तिथे त्याची झाक बघायची. आसामला तिथे लालसर-केशरी उजळ कडा दिसते.

भुरका

घोट घ्यायचा तो आवाज करून. लहानपणी यासाठी बोलणी खाल्ली असतील, पण कोलकाता, गुवाहाटी, कुन्नूरच्या लिलावांसाठी चहा चाखणारी माणसं दिवसाला शेकडो कप असेच भुरके मारत चाखतात आणि थुंकून टाकतात. चमच्यात चहा घेऊन जोरात ओढला की त्याचे तुषार टाळूपर्यंत उडतात आणि वास घशामागून नाकात चढतो. नुसत्या सावकाश घोटात हे होत नाही. चहा जिभेला सोसेल इतका निवलेला हवा. पाच-सहा कप असतील तर तुम्हीही थुंकायला एक भांडं ठेवा, नाहीतर रात्री झोप येणार नाही.

आता नाक चिमटीत धरून दुसरा घोट घ्या. कळेल ते इतकंच: कडू आहे का, गोडसर आहे का, तुरट किती, आणि तोंडात भरल्यासारखं वाटतं की पाण्यासारखं पातळ. गिळा आणि नाक सोडा. त्या क्षणी जे एकदम उमलून येतं तो सुगंध. दोन-चार वेळा केलं की चहाचं अंग आणि चहाचा वास या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून ओळखू यायला लागतात.

तुरटपणाबद्दल थोडं सविस्तर, कारण नवख्याची गफलत इथे होते. तुरटपणा म्हणजे कडूपणा नव्हे. कडू जिभेला लागतं. तुरट हा स्पर्श आहे, चहातली द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना पकडतात आणि गालांची आतली बाजू ओढल्यासारखी, कोरडी होते. कच्च्या जांभळाने होतं तेच. काळ्या चहात थोडा तुरटपणा हवाच, त्याने तोंड स्वच्छ होतं आणि पुढचा घोट घ्यावासा वाटतो. तो लगेच ओसरून मागे गोडसर ओल राहिली तर चहा उत्तम. मिनिटभर जीभ खरखरीतच राहिली तर चहा रांगडा, किंवा तुम्ही तो जास्त वेळ मुरवलात.

चाखण्याचा क्रम हलक्याकडून भारीकडे: हिरवा, दार्जिलिंग, निलगिरी, आसाम, शेवटी दाणेदार. मधे कोमट पाण्याने चूळ भरा. निलगिरी नवख्याला पटकन आवडतो, मोकळ्या वासाचा आणि बिनतक्रार. त्यातही डिसेंबर ते फेब्रुवारीच्या थंडीतला मिळाला तर जरूर घ्या. आसामचा उरलेला कप मात्र ओतून देऊ नका. पुरता गार झाल्यावर पाहा: तो गढूळ, दुधकट झालेला असेल. कॅफिन आणि चहातली तुरट द्रव्यं गार झाल्यावर एकमेकांना धरतात म्हणून असं होतं, गरम केला की पुन्हा निवळतो. भरदार चहाची ही खूण आहे.

दूध घालून बघायचं ते सर्वांत शेवटी आणि फक्त आसाम व दाणेदार पत्तीला. कपात थोडंसं दूध घातल्यावर रंग उजळ, तांबूस-सोनेरी आला तर पत्ती चांगली. राखाडी छटा आली तर हलकी.

सुगंधी चहा

चहाचं पान आसपासचा वास झटकन शोषून घेतं. सुगंधी चहाची सगळी कला या गुणावर उभी आहे.

चीनच्या फूच्यान प्रांतातला जस्मिन चहा घ्या. त्यासाठी जी फुलं वापरतात ती आपल्या मोगऱ्याच्याच जातीची. दिवसा कळ्या तोडतात, संध्याकाळी त्या उमलायला लागल्या की हिरव्या चहाबरोबर थर लावून रात्रभर ठेवतात. सकाळी फुलं चाळून बाजूला काढतात, चहा पुन्हा सुकवतात आणि रात्री नवी फुलं. उंची चहाला असे कितीतरी फेरे देतात. यातून एक उपयोगाची गोष्ट निघते: पुडक्यात पाकळ्या भरपूर दिसल्या म्हणून जस्मिन चहा भारी ठरत नाही. वास आधीच पानात गेलेला असतो, वाळक्या पाकळ्यांत देण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

अर्ल ग्रेची तऱ्हा वेगळी. तिथे काळ्या चहावर बर्गामॉट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल लावतात. हे फळ मुख्यतः इटलीच्या कालाब्रिया भागातलं. तिसरी पद्धत मिसळीची: गुलाबाच्या पाकळ्या, वेलची, सुंठ, दालचिनीचे तुकडे पत्तीत घालायचे. काश्मिरी कहवा याच घराण्यातला, हिरव्या चहात केशर, वेलची, दालचिनी आणि वर बदामाचे काप.

पारखताना चार गोष्टी ओळीने करा. कोरडी पत्ती हुंगा, मग कप हुंगा. पुडी उघडताच खोली दरवळली आणि कपात काहीच नाही, असं असेल तर वास वरवरचा आहे. मग नाक धरून घोट घ्या. इथे सुगंधी चहाचं खरं रूप कळतं, कारण वास बाजूला झाला की खाली उरतो तो फक्त चहा. तो पातळ, कडवट, निर्जीव लागला तर हलक्या पत्तीवर अत्तर शिंपडून ती विकली जात आहे, आणि हे बाजारात फार चालतं. मग कप गार होऊ द्या. कृत्रिम वास गार कपात औषधी किंवा साबणासारखा लागायला लागतो, चांगला वास मंद होतो पण बिघडत नाही. शेवटी त्याच पत्तीवर दुसऱ्यांदा पाणी ओता. तेलाचा वास पहिल्या पाण्यातच बहुतेक निघून जातो. मोगऱ्याच्या फेऱ्यांतून गेलेला चहा दुसऱ्या पाण्यालाही सुगंध देतो.

अर्ल ग्रेमध्ये मला घोटाच्या सुरुवातीला सालीचा तजेला, मधे चहा आणि मागे पुन्हा थोडी साल असं हवं असतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त तेल लागत असेल तर पैसे वाया गेले. चॉकलेट, स्ट्रॉबेरी, व्हॅनिला वगैरे चहा शिकण्याच्या दिवसांत आणूच नका. त्यांत खालचा चहा ओळखायची संधीच मिळत नाही. तयार मसाला चहाच्या पुडीत वेलचीचे दाणे, सुंठीचे तुकडे डोळ्यांना दिसतात का ते बघा. दिसत नसतील तर चांगली पत्ती आणून घरचं आलं ठेचणं कधीही बरं.

गवती चहा, गोकर्ण, जास्वंद यांच्या पेयांत चहाचं पान नसतं. त्यांना तुरटपणाची, अंगाची कसोटी लावू नका. गोकर्णाचा निळा कप लिंबू पिळताच जांभळा होतो, तो आम्लाचा परिणाम. चवीला फूल जवळपास मुकं असतं. गवती चहा मात्र आपल्या कुंडीतला ताजा आणि पुडीतला वाळका शेजारी ठेवून प्याच. ताज्यापुढे वाळका टिकत नाही.

ठेवायचा कुठे, लिहायचं काय

ज्या गुणामुळे मोगरा पानात उतरतो, त्याच गुणामुळे हिंगही उतरतो. चहाचे डबे मसाल्याच्या फळीवरून हलवा. ओट्याजवळची ऊबही नको. घट्ट झाकणाचा, उजेड आत न जाणारा डबा, आणि एका डब्यात कायम एकच चहा. अर्ल ग्रेच्या डब्यात नंतर दार्जिलिंग भरलात तर तो बरेच दिवस अर्ल ग्रेच लागेल. फ्रिजमध्येही ठेवू नका, दमटपणा आणि उरलेल्या भाजीचा वास दोन्ही लागतात. फर्स्ट फ्लश आणि हिरवा चहा वर्षाच्या आत संपवा.

प्रत्येक कपाची नोंद दोन-तीन ओळींत करा: नाव, हंगाम, पाणी, वेळ, आणि लागलं तसं. ‘अप्रतिम’, ‘ठीक’ असे शब्द टाळा, महिन्याने त्यांतून काहीच आठवत नाही. ओल्या गवतासारखा, भाजलेल्या शेंगदाण्याचा, गुळाच्या काकवीसारखा, कच्च्या कैरीच्या सालीचा, धुरकट, मातकट असं ओळखीच्या वासांत लिहा. परदेशी पुडक्यांवरच्या वर्णनांतली जी फळं-फुलं आपण कधी हुंगलेलीच नाहीत, ती वहीत उतरवून उपयोग नाही.

चार-पाच बैठका झाल्या की घरातल्या कुणाला तरी कप आलटून पालटून मांडायला सांगा, कपाच्या तळाला खुणेची चिठ्ठी चिकटवून. तीन कपांत दोन एकाच चहाचे आणि एक वेगळा. वेगळा कोणता ते ओळखायचं. दार्जिलिंग आणि आसाम सहज ओळखाल. मग दार्जिलिंगचेच दोन हंगाम ठेवा, आणि ते जमलं की एकाच हंगामाचे दोन मळे.